'पुट ऑफ'ला दीड तास: राजारामपुरीतला इंग्रजी संभाषणवर्ग

कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळी भरणाऱ्या या वर्गात 'पुट ऑफ' या एकाच क्रियापदाला दीड तास देतात, आणि तो कारणी लागतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मेल लिहिणारी मंडळी जास्त, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच. पहिला अर्थ पुढं ढकलण्याचा. ऑडिट बुधवारऐवजी शुक्रवारी होणार असेल तर 'द ऑडिट हॅज बीन पुट ऑफ टिल फ्रायडे'. 'टिल'पुढं नवा दिवस येतो. किती दिवसांनी लांबलं ते सांगायचं तर 'फॉर टू डेज'. इथं 'कॉल्ड ऑफ' लिहिलं तर ऑडिट रद्दच झालं असा अर्थ होतो.

शब्दांची जागा सर वर्गात फार नेटकी समजावतात. 'पुट ऑफ द ऑडिट' आणि 'पुट द ऑडिट ऑफ' दोन्ही चालतं, पण 'इट' आलं की ते मधेच बसतं: 'पुट इट ऑफ'. आपल्याकडं 'पुढं ढकल' हे एका दमात येतं, म्हणून 'पुट ऑफ इट' तोंडात बसतं. तसंच 'जायचं पुढं ढकललं' वरून 'पुट ऑफ टु गो' होतं. तिथं 'पुट ऑफ गोइंग' हवं. भूतकाळातही 'पुट'च राहतं, 'पुटेड' नाही.

दुसरा अर्थ मन उडण्याचा. तेलाचा खवट वास आला आणि मिसळीवरची वासनाच उडाली: 'द स्मेल पुट मी ऑफ द मिसळ'. हे उदाहरण एकदा ऐकलं की विसरत नाही.

छापील तक्ता मात्र सुधारायला हवा. त्यात 'पुढं ढकलणं' एवढा एकच अर्थ दिलाय. मग 'आय वॉज पुट ऑफ बाय हिज टोन' याचा अर्थ मुलं 'त्यानं मला ढकललं' असा लावतात. खरं तर त्याच्या बोलण्याच्या सुरानं मन विटलं. 'पुट ऑफ द लाइट'वर तक्त्यात सरळ फुली मारली आहे. दिवा बंद करणं हा अर्थ इंग्रजी शब्दकोशात आहे. 'टर्न ऑफ' जास्त रुळलेलं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

उच्चाराला शेवटची पाच मिनिटंच मिळतात. 'पुट इट ऑफ' म्हणताना 'इट' हलकं होतं, जोर 'ऑफ'वर पडतो आणि कानाला 'पुटिटॉफ' असं येतं. सगळ्यांनी एका सुरात म्हटल्यावर कोण कुठं चुकतंय ते सरांना कळत नाही. एकेकाकडून म्हणवून घ्यावं, त्यासाठी तासाची वीस मिनिटं गेली तरी चालतील.