घरच्या डायलिसिससाठी नर्स: ब्युरोची रोजची की पीडी युनिटची महिन्याची?

पोटाचं डायलिसिस (पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे पीडी: पोटात बसवलेल्या नळीतून बॅगेतलं पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी बाहेर काढायचं) घरी सुरू झालं की काही दिवसांतच नर्सचा विषय निघतो. ट्रेनिंग झालेलं असतं, बॅगांचे खोके येऊन पडलेले असतात, तरी दिवसातून तीन-चार वेळा नळी उघडायची म्हटलं की घरच्यांचा धीर सुटतो. अशा वेळी साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांची किंवा येऊन-जाऊन करणारी सिस्टर लावायची आणि बॅगा तिच्यावर सोपवायच्या. दुसरी म्हणजे बॅगा घरच्यांनीच बदलायच्या आणि ज्या रुग्णालयात कॅथेटर, म्हणजे ही नळी, बसवला तिथल्या पीडी युनिटची नर्स महिना-दीड महिन्यातून एकदा घरी बोलवायची. बॅगा पुरवणाऱ्या कंपनीचा कोऑर्डिनेटर हा यातला तिसरा माणूस, त्याच्याबद्दल पुढे. आम्ही दुसरी वाट धरली. ती प्रत्येक घराला जमेलच असं नाही, म्हणून दोन्हीकडचं मांडतो. घरी मशीन आणून रक्ताचं डायलिसिस करणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, तो इथे धरलेला नाही.

ब्युरोच्या सिस्टरची सोय खरी आहे. सकाळची बॅग, दुपारची बॅग, मधे इन्सुलिन, बीपी, नळीच्या जागेचं ड्रेसिंग, आंघोळ, हे सगळं एका माणसाकडे जातं आणि घरातल्या नोकरी करणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. मात्र ब्युरोला फोन केल्यावर ‘नर्स पाठवतो’ या शब्दाखाली केअरटेकर, एएनएम (नर्सिंगचा छोटा कोर्स), जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) यांपैकी कोणीही येऊ शकतं. जीएनएम आणि तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, एवढं आधीच स्पष्ट मागून घ्यावं. तरीही पीडी तिला येत असेल असं गृहीत धरू नये. लघवीची नळी, नाकातली नळी, बेडसोरचं ड्रेसिंग या कामांत त्यांचा हात बसलेला असतो. पोटाच्या डायलिसिसचे रुग्णच आपल्याकडे कमी असल्यामुळे बऱ्याच जणींनी ट्रान्सफर सेट (पोटातल्या नळीच्या बाहेरच्या टोकाला लावलेला, बॅग जोडायचा छोटा तुकडा) हातात घेतलेलाही नसतो. शिवाय बारा तासांच्या ड्यूटीचा महिन्याचा आकडा बऱ्याच शहरांत बॅगांच्या खर्चाच्या जवळपास जाऊन बसतो.

हे सगळं एक वेळ निभावता येतं. माझ्या दृष्टीने पारडं झुकवलं ते ‘बदली’ने. ‘त्या सिस्टर आज सुट्टीवर आहेत, दुसऱ्या पाठवतोय’ हा फोन ब्युरोच्या व्यवस्थेत येणारच. एक सिस्टर दोन-तीन आठवड्यांत तयार होते आणि तेवढ्यात तिला दुसरी केस मिळते. नव्या चेहऱ्याचा त्रास वेगळाच, पण बदलीचा खरा फटका बसतो तो वहीला.

वहीत रोज काय लिहायचं ते सगळ्यांना माहीत असतं: बॅगेची ताकद (पाण्यातल्या ग्लुकोजची टक्केवारी; ती जास्त तितकं पाणी जास्त उपसलं जातं), किती आत गेलं, किती बाहेर आलं, फरक किती, वजन, बीपी. यातला ‘फरक’, म्हणजे शरीरातून उपसलेलं पाणी, हा आकडा प्रत्येक जण आपल्या पद्धतीने काढतो. बॅगेवर 2000 मिलि छापलेलं असलं तरी आत त्याहून थोडं जास्त पाणी असतं. कारण पोट रिकामं झाल्यावर नवी बॅग पोटात सोडण्याआधी पाचपर्यंत मोजून थोडं पाणी सरळ ड्रेनच्या (पोटातून निघालेलं पाणी जमा होतं त्या) बॅगेत फ्लश करायचं असतं. ते साधारण 100 मिलि जातं. सावकाश मोजणाऱ्याच्या हातून जास्त. आता एक सिस्टर हुकाच्या काट्याला ड्रेनची बॅग लावते आणि फ्लशचं पाणी व प्लॅस्टिक यांच्यासकट जे येईल ते लिहिते. दुसरी दोन्ही वजा करते. तिसरी काटा बाजूला ठेवून बॅगेवरच्या रेघा बघून अंदाजाने लिहिते. एका बॅगेमागे 100 ते 150 मिलिचा फरक पडला, तर चार बॅगांचा दिवसाचा फरक 400 ते 600 मिलि होतो.

हा फरक नुसता कागदावर राहत नाही. पहिल्या सिस्टरच्या वहीत पाणी भरपूर निघताना दिसतं आणि प्रत्यक्षात घोट्यांवर सूज चढत असते. तिच्या जागी दुसरी आली की आकडा एकदम अर्ध्या लिटरने खाली येतो. डॉक्टरांना वाटतं पाणी निघणं कमी झालं, म्हणून 1.5 टक्क्यांच्या जागी 2.5 टक्क्यांची बॅग लिहून दिली जाते. मग साखर वाढते, किंवा अंगातलं पाणी गरजेपेक्षा जास्त उपसलं जाऊन उभं राहताना चक्कर येते, आणि जी थोडीफार लघवी होत असते तिलाही धक्का बसतो. शरीरात काहीच बदललेलं नसतं, फक्त वजन करणारा हात बदललेला असतो. बॅगा घरातली एक-दोन माणसंच बदलत असली, तर पद्धत चुकीची असली तरी रोज तीच राहते. आणि पीडी युनिटची नर्स वही चाळताना ती चूक पकडू शकते.

बदलीचा दुसरा फटका जंतुसंसर्गाचा. टोपी काढून नळी नव्या बॅगेला जोडण्यात काही सेकंद जातात, आणि अख्खा धोका त्या सेकंदांत आहे. हात धुऊन पुरते कोरडे न करणं, पंखा चालू ठेवून जोडणं, मास्क नाकाखाली उतरणं, टोपी काढल्यावर खोलीत कोणाशी तरी बोलत राहणं, या नेहमीच्या चुका. बॅग कोमट करायची म्हणून ती गरम पाण्यात बुडवणारेही भेटतात. मग तोंडाशी थेंब राहतात आणि जोडताना तिथूनच जंतू आत जायला वाट मिळते. बॅग कोरड्या उष्णतेनेच कोमट करायची, हे प्रत्येक नव्या माणसाला पुन्हा सांगावं लागतं.

त्याहून अवघड भाग चूक सांगण्याचा आहे. जोडताना टोकाला बोट लागलं आणि पाणी अजून आत सोडलेलं नसेल, तर क्लॅम्प बंद ठेवून नवी टोपी लावायची आणि युनिटला फोन करायचा. बहुतेक वेळा ट्रान्सफर सेट बदलून भागतं. पाणी आत गेलं असेल तर पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग) होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक द्यावं लागतं. घरचा माणूस असं झालं तर लगेच बोलतो. चार दिवसांपूर्वी आलेली सिस्टर नोकरीच्या भीतीने गप्प राहू शकते. यात तिचा दोष मी मानत नाही, तिची परिस्थितीच तशी असते. पण परिणाम रुग्णाच्या पोटाला भोगावे लागतात.

मधुमेही रुग्णांच्या घरी आणखी एक गोष्ट बघावी. रात्रभर पोटात ठेवायच्या बॅगेसाठी आयकोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजऐवजी वापरायचा स्टार्चसारखा पदार्थ) चालू असेल तर त्यापासून रक्तात माल्टोज तयार होतं. जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या ग्लुकोमीटर पट्ट्या त्यालाच साखर समजून आकडा फुगवून दाखवतात. सिस्टरने पर्समधून स्वतःचा ग्लुकोमीटर काढला, 280 आलं म्हणून इन्सुलिन वाढवलं, आणि खरी साखर 120 च असेल तर रुग्ण बेशुद्धही पडू शकतो. आयकोडेक्स्ट्रिन बंद केल्यावरही हा परिणाम काही दिवस टिकतो. म्हणून पट्टीच्या डबीवरचा प्रकार पीडी युनिटला दाखवून घ्यावा आणि त्याशिवाय दुसरा ग्लुकोमीटर घरात वापरूच नये. युनिटच्या नर्सला हे सांगावं लागत नाही.

आता युनिटच्या नर्सची भेट. ती बॅगा बदलायला येत नाही, बदलताना बघायला येते, आणि म्हणूनच ती उपयोगी पडते. भेटीची वेळ ठरवताना बॅगेची वेळ सांगून अर्धा तास आधी बोलवावं. बॅग होऊन गेल्यावर ती आली तर भेटीतला मुख्य भागच हुकतो. चांगली नर्स अख्खी बॅग संपेपर्यंत मधे बोलत नाही. नळापासून टोपी लावेपर्यंत नुसती बघते आणि शेवटी दोनच गोष्टी सांगते. हात पुसायचा नॅपकिन बेसिनपाशी दिवसभर सगळ्यांसाठी टांगलेला असतो, किंवा हात धुऊन झाल्यावर नळ त्याच हाताने बंद केला जातो, असल्या गोष्टी घरातल्यांना दिसत नाहीत, तिला पटकन दिसतात. मग ती नळीची जागा उजेडात बघते. लाली आहे का, खपली आहे का, कातडीखालून जाणाऱ्या नळीच्या वाटेवर दाबल्यावर दुखतं का किंवा पू येतो का. नळी टेपने पोटाला नीट धरलेली आहे ना, हेही. ओढ बसली की ती जागा बरी होत नाही. घोटे दाबून सूज बघायची, बीपी बसून आणि उभं राहून घ्यायचं, वजन घरच्याच काट्यावर करायचं.

त्यानंतर खोक्यांकडे. पावसाळ्यात खोके जमिनीला आणि ओल आलेल्या भिंतीला टेकलेले नकोत, खाली फळी हवी. जुन्या तारखेचे पुढे, नवे मागे. ट्रान्सफर सेट शेवटचा कधी बदलला ते विचारते. तो साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो आणि ही तारीख घरात हमखास विसरली जाते. पाणी हळू निघतंय अशी तक्रार असली तर आधी पोट साफ होतंय का ते विचारते, कारण बद्धकोष्ठानेच नळी अडण्याचे प्रसंग फार. बाहेर आलेल्या पाण्यात पांढरे धागे दिसत असतील तर ते फायब्रिन, म्हणजे गुठळी बनवणारं प्रथिन. बॅगेत हेपरिन (गुठळी होऊ न देणारं औषध) घालायचं का आणि किती, हे ती डॉक्टरांना विचारून ठरवते. ब्युरोची सिस्टर कितीही मनाने चांगली असली तरी तिच्यामागे हा डॉक्टर नसतो, आणि मोठा फरक मला तिथे वाटतो.

हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो पाणी गढूळ आल्यावर. अशी बॅग ओतून टाकायची नाही. छापील कागदावर ठेवून तिच्यातून अक्षरं वाचता येतात का बघायचं. नसतील येत तर बॅग तशीच बंद करून युनिटला न्यायची. तपासणीत पांढऱ्या पेशी 100 च्या वर आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल निघाल्या तर पेरिटोनायटिस धरून, कल्चरचा नमुना घेतल्यावर, रिपोर्टची वाट न बघता पोटातूनच अँटिबायोटिक सुरू करतात. यात तासांना महत्त्व आहे. रोजच्या सवयीने सकाळची बॅग संडासात ओतून मोकळी झालेली सिस्टर आणि ‘बॅग घेऊन निघा, मी लॅबला सांगते’ म्हणणारी युनिटची नर्स, यांत माझी पसंती कुठे असेल हे वेगळं सांगायला नको.

युनिटच्या वाटेच्या अडचणीही आहेत. सगळ्या रुग्णालयांत स्वतंत्र पीडी नर्स नसते, आणि असली तरी ती घरी जातेच असं नाही. पुण्यातल्या युनिटची नर्स कोथरूडला येईल, दापोलीला दर महिन्याला कशी येणार? अशा ठिकाणी तीन-चार महिन्यांतून एक प्रत्यक्ष भेट आणि मधे व्हिडिओ कॉल, यावर भागवावं लागतं. व्हिडिओवर चेहरा दाखवण्यात वेळ घालवू नये. फोन स्टँडला लावून हात धुण्यापासूनची अख्खी बॅग दाखवावी, नंतर नळीची जागा आणि वहीची पानं. आणि या वाटेवर घरात बॅग बदलणारी दोन माणसं तयार हवीत. एकाच माणसावर सगळं टाकलं तर तो आजारी पडल्यावर किंवा लग्नाला गावी गेल्यावर ब्युरोलाच फोन करायची वेळ येते.

कंपनीचा कोऑर्डिनेटर सुरुवातीला फार उपयोगी पडतो. ट्रेनिंग बहुतेक तोच देतो, बॅगा वेळेवर येतील हे बघतो, गळती किंवा खराब बॅग बदलून देतो. पण औषध किंवा बॅगेची ताकद बदलणं त्याच्या हातात नाही, त्याच्याकडे परिसर मोठा असतो, आणि त्याचं निरीक्षण डॉक्टरांच्या फाइलपर्यंत पोचेलच याची खात्री नाही. शिवाय कंपनी बदलली की जोडण्या एकमेकींना बसत नाहीत आणि कोऑर्डिनेटरही बदलतो. त्याला जोडीला ठेवावं, आधार म्हणून धरू नये.

मग ब्युरो कुणी निवडावा? ज्यांचे हात थरथरतात, नजर गेली आहे, घरात दुसरं माणूस नाही किंवा मुलं परदेशी आहेत, त्यांना पर्याय नाही, आणि असं पीडी मुळीच कमी दर्जाचं नाही. फ्रान्समध्ये वयस्कर रुग्णांच्या घरी नर्स जाऊन बॅगा बदलते आणि खर्च आरोग्यविमा उचलतो; ती व्यवस्था वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्याकडे ती आपणच उभी करायची. ब्युरोकडून दोनच नावं पक्की करून घ्यावीत, एक नेहमीची आणि एक बदलीची. दोघींनाही पीडी युनिटमध्ये नेऊन नर्ससमोर बॅग बदलून दाखवायला लावावी, आणि नर्सने होकार दिल्याशिवाय नळीला हात लावू देऊ नये. वजनाची पद्धत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी: फ्लश पाचच मोजायचा, रिकाम्या बॅगेचं वजन इतकं, ते आणि फ्लशचे 100 मिलि वजा करून आकडा लिहायचा. चूक सांगितली तर ड्यूटी जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावं. डॉक्टर रात्रीच्या सायकलरला (झोपेत आपोआप पाणी बदलणाऱ्या मशीनला) तयार असतील तर बॅगांच्या चार वेळांऐवजी रात्री जोडणं आणि सकाळी सोडणं एवढ्या दोनच भेटी लागतात, त्यामुळे तेच दोन हात टिकवणं सोपं जातं. मात्र वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टर आणि हाताने बदलायच्या काही बॅगा जवळ हव्यात.

ज्यांच्या घरी एक तरी धड माणूस आहे, त्यांनी मात्र डिस्चार्जच्या कागदांवर सही करण्याआधी युनिटला विचारावं: घरी भेट कोण देणार, पहिली कधी, आणि संध्याकाळी सातनंतर पाणी गढूळ आलं तर फोन कोण उचलणार. पहिली भेट घरी आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत ठेवायला सांगावी. हाताला चुकीची सवय लागते ती याच दिवसांत, आणि तेव्हाच ती मोडणंही सोपं असतं.