डॉक्टरांना 5 स्टार, पश्चिमेच्या काचेला 1

मे महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, सहा दिवस अ‍ॅडमिट. मुंबईतलंच हॉस्पिटल, नाव नाही लिहीत, कारण डॉक्टर, सिस्टर, मावश्या सगळे एक नंबर, त्यांना उगाच बोल लागायला नको. तक्रार बिल्डिंगची आहे.

नवीन विंग बाहेरून चकाचक, वरपासून खालपर्यंत निळी काच. आईची रूम नेमकी पश्चिमेला. दुपारी 3 वाजले की ऊन सरळ बेडवर, एसी 18 वर ठेवला तरी आई म्हणे, अरे पाय गारठलेत नि तोंड भाजतंय. तिसऱ्या दिवशी सिस्टरनेच जुनी चादर नि चिकटपट्टी आणून दिली, म्हणाल्या या साइडला सगळे हेच करतात!

मी अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांचं काम करतो म्हणून जास्त टोचलं. आतून ब्लाइंड लावणं म्हणजे वरातीमागून घोडं, ऊन काचेतून आत आलं की उष्णता आत आलीच, ते बाहेरच अडवावं लागतं. नुसता आडवा छज्जा पण पश्चिमेला पुरत नाही कारण संध्याकाळचं ऊन तिरपं, खालून घुसतं, तिथे काचेबाहेर उभ्या पट्ट्या किंवा जाळी पाहिजे, नाहीतर त्या बाजूला जिना, लिफ्ट, बाथरूम टाकायचे नि पेशंट उत्तरेला. 2017 च्या ईसीबीसीत (इमारतींच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली) ठरलेले आकडे पाळायच्या सरळ मार्गाने जायचं तर भिंतीच्या 40 टक्क्यांपर्यंतच काच धरलीय, इथे भिंत शोधावी लागते. आणि हॉस्पिटलचा एसी ऑफिससारखा 6 ला बंद होत नाही हो, ते बिल शेवटी कुणाच्या खिशातून जातं?

एक्स-रेला त्याच आवारातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये नेलं. जाड दगडी भिंत, खोल व्हरांडा, वर छताजवळ व्हेंटिलेटर (पेशंटला लावतात तो नाही, भिंतीतला), गरम हवा तिथून बाहेर. नुसत्या पंख्यावर आई बाकावरच डुलक्या घ्यायला लागली. कबुतरांचा उच्छाद आहे, पावसात ओल येत असणार, आणि ओटी, आयसीयूला एसी लागणारच, ते मान्य. पण साध्या वॉर्डला?

अ‍ॅडमिशनच्या वेळी उत्तर किंवा पूर्वेची रूम मागा, चार्ज तेवढाच आहे. नाहीच मिळाली तर चादर घरूनच न्या, आणि चिमटे पण, चिकटपट्टी उन्हाने सुटते.