आयरिस आणि कंदफुलांसाठी जुने बागकाम-साहित्य : कोणते निवडावे?

कंदफुले आणि आयरिस लावणाऱ्याला जुने बागकाम-साहित्य घ्यायचे झाल्यास तीन प्रकारांचा विचार करावा लागतो : रंगीत चित्रांचे वनस्पतिमासिक, एकाच वनस्पतीवरचा अभ्यासग्रंथ आणि हौशी उत्पादकांच्या संस्थेचे वार्तापत्र.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कर्टिस यांनी १७८७ साली लंडनमध्ये ‘बोटॅनिकल मॅगझिन’ सुरू केले आणि त्यातले पहिलेच चित्र ‘आयरिस पर्सिका’ या कंदवर्गीय आयरिसचे होते. सोबतच्या मजकुरात ही आयरिस हायसिंथ या सुगंधी कंदफुलाप्रमाणे पाण्याच्या पेल्यातही फुलते, मात्र वाळूच्या लहान कुंडीत अधिक जोमाने फुलते, असे म्हटले आहे. उत्तम कंद हॉलंडहून येतात, हेही सांगितले आहे. ही माहिती खरी असली तरी ती दरवर्षी नवे कंद विकत घेणाऱ्याच्या सोयीची आहे. या गटातल्या आयरिसना फुलोऱ्यानंतर पाने पूर्ण वाळेपर्यंत पोषण आणि पुढे कोरडी विश्रांती लागते, तेव्हा पेल्यातल्या पाण्यावर फुललेला कंद पुढच्या हंगामासाठी काहीच साठवू शकत नाही. शिवाय या मासिकातली चित्रे १९४८ पर्यंत हाताने रंगवली जात असल्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत छटा निराळ्या असू शकतात. त्यामुळे केवळ रंगावरून जात ओळखण्यासाठी एका प्रतीवर विसंबू नये.

कंदवर्गीय आयरिस हाच मुख्य विषय असेल, तर माझे मत निःसंशय इंग्रज आयरिस-अभ्यासक विल्यम रिकॅटसन डाइक्स यांच्या ‘द जीनस आयरिस’ या ग्रंथाच्या बाजूने आहे. १९१३ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात फ्रँक राउंड यांची ४७ रंगीत चित्रे आहेत. परंतु त्याचे खरे बळ डाइक्स यांनी स्वतः, अनेकदा बियांपासून, वाढवलेल्या झाडांच्या निरीक्षणात आहे. कोणती जात पाने केव्हा काढते आणि कोणत्या काळात तिला पाणी नको असते, हे समजले की लागवडीचे निम्मे प्रश्न सुटतात. इंग्लंडच्या हवामानातले महिने मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. ‘फुलोरा संपल्यावर’, ‘पाने वाळल्यावर’ अशा अवस्थांशी सूचना जोडून घ्याव्यात. वर्गीकरण आता बरेच बदलले आहे, म्हणून शेजारी ब्रायन मॅथ्यू यांचे १९८१ चे ‘द आयरिस’ असावे.

उंच बिअर्डेड आयरिस (खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखे केस असलेली आयरिस) लावणाऱ्याला डाइक्स यांच्या ग्रंथाचा उपयोग कमी, कारण आज बागांत दिसणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती बहुतांशी त्यानंतरच्या आहेत. अशा आयरिस लावणाऱ्याने १९२० साली स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीची वार्तापत्रे आणि जुन्या जातींची नावे पडताळण्यासाठी याच संस्थेची १९३९ ची सूची पाहावी. या आयरिसचा कंद खरे तर जमिनीलगत आडवे वाढणारे खोड असते. ट्यूलिप किंवा डॅफोडिलचा कंद त्याच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल लावतात. तोच नियम इथे वापरला तर खोड कुजते. त्याची पाठ उन्हाला उघडी राहावी, निचरा चांगला असावा आणि तीन-चार वर्षांनी गड्डा उपटून, जुने मधले भाग टाकून, बाजूचे जोमदार फुटवे पुन्हा लावावेत.

कीड-रोगांवरचे त्या काळचे उपाय मात्र सरळ वगळावेत. शिशाचे आर्सेनेट, पाऱ्याची संयुगे आणि पुढे डीडीटी यांची शिफारस तेव्हाच्या बागकाम-साहित्यात सहज आढळते. हे सर्व विषारी पदार्थ आहेत आणि आता घरगुती बागेतून बाद झाले आहेत.

खर्चाचा विचार करता कर्टिस यांच्या मासिकाचे जुने खंड विकत घेण्याची गरज नाही, कारण ते बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. डाइक्स यांच्या ग्रंथाची मूळ आवृत्ती संग्राहकांसाठी आहे; लागवडीसाठी पुनर्मुद्रण पुरते. वार्तापत्रांचे सुटे अंक घेण्यापेक्षा सलग काही वर्षांचा संच मिळाल्यास घ्यावा, म्हणजे एखाद्या नव्या जातीचे पहिल्या वर्षीचे कौतुक पुढच्या हंगामांत कितपत टिकले, हे तपासता येते.