पत्र्यावरचं पावसाचं पाणी बागेला: सात महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये मृग लागायच्या आधी, पुण्यातल्या आमच्या घराच्या मागच्या पत्र्याला पन्हळ लावली आणि खाली २०० लिटरचे दोन ड्रम ठेवले. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "त्या पत्र्यावर दिवसभर कबुतरं बसतात. ते पाणी कोथिंबिरीला घालणार आहेस का?" तिचा प्रश्न बरोबर होता, हे सात महिने वापरल्यावर मला पुरतं पटलंय.

फायदा आधी सांगते. आमचं बोअरचं पाणी जड आहे, कुंड्यांच्या कडेला पांढरा थर धरतो आणि मोगरा पिवळा पडतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. छपराखालच्या कुंड्यांना हेच पाणी देत गेले, तर ऑगस्टपर्यंत मोगऱ्याला हिरवीगार पालवी आली. पत्रा ३० चौरस मीटरचा, म्हणजे १० मिलिमीटर पाऊस पडला की हिशेबाने ३०० लिटर. एका चांगल्या सरीत काम होतं.

पण खरी घाण असते ती पत्र्यावर. प्लंबरदादांनी ड्रमच्या आधी ४ इंची पाइप उभा बसवून दिला, २ मीटरचा, खाली फिरकीचं झाकण. त्यात साधारण १६ लिटर मावतं. तो भरला की मगच पाणी ड्रमकडे वळतं. पहिल्या सरीनंतर झाकण उघडलं तर चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ, दोन पिसं आणि उग्र वास. हे सगळं ड्रममध्ये गेलं असतं! पाऊस थांबला की हा पाइप रिकामा करायलाच हवा. आणि बऱ्याच दिवसांच्या उघडिपीनंतर पाऊस आला, तर पहिली दहा-पंधरा मिनिटं मी सगळंच पाणी बाहेर सोडते.

विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू येतात, उंदरांच्या लघवीतून लेप्टो. म्हणून पाणी झारीने बुडाशीच, पानांवर अजिबात नाही. टोमॅटो, भेंडी, दुधीला चालतं, फक्त भाजी नळाच्या पाण्याने धुऊन घ्यायची. कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात कच्ची खातो, त्यांना नळाचंच. हाताला जखम असेल तर हातमोजे. धाकटा पुतण्या एकदा ड्रमच्या तोटीला ओंजळ लावून उभा दिसला, तेव्हापासून तिथे 'पिण्याचे नाही' अशी पाटी आहे. उकळून जंतू मरतात, पण पत्र्यावरून आलेले धातू जात नाहीत. जुना सिमेंटचा किंवा रंगाचे पोपडे निघालेला पत्रा असेल, तर भाजीला ते पाणी मी देणार नाही. भंगारातला स्वस्त निळा ड्रमही घेतला नाही. आधी त्यात काय होतं, कोण सांगणार?

सगळ्यात वाईट गेला ऑगस्ट. ड्रमबरोबर आलेली जाळी फाटली, ओव्हरफ्लोचं तोंडही उघडंच होतं, आणि एके सकाळी पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. शेजारी तान्हं बाळ आहे, माझ्या पोटात धस्स झालं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसला असंच साठलेलं, स्वच्छ पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. दोन्ही ड्रम मातीवर ओतून घासले. आता दोन्ही तोंडांना दुहेरी मलमल घट्ट बांधलेली असते आणि दर रविवारी मी बॅटरी लावून आत बघते.

पाणी डिसेंबरात संपलं. रिकामे ड्रम नुसते पालथे घालून चालत नाही. एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन्महिने तग धरतात. या रविवारी काथ्याने आतून कडा घासून काढणार आहे, मगच पालथे घालीन.