मेसेज बंद झाले तेव्हाच कळायला हवं होतं

7,36,500 रुपये. लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

बाबांचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, चुलतभावाच्या नावे करायला मीच होकार दिला. आता सगळे विचारतात, तू का नाही घेतलंस? रात्री दवाखान्यात मी, दिवसा ऑफिसात मी. बँकेच्या रांगेत कोण उभं राहणार होतं? "ताई, तू काकांजवळ बस, बँकेचं मी बघतो." पुढचं सांगायला नकोच.

बाबांचा फोन उशाशी असायचा. पैसे निघाले की टिंग. एके दिवशी तो आवाजच बंद झाला. आणि मला काय वाटलं? बरं झालं, बाबांची झोप मोडत नाही! त्याने अर्ज देऊन खात्याला स्वतःचा नंबर लावून घेतला होता. मुखत्यारपत्रात 'सर्व व्यवहार' असं होतं. टायपिस्टकडचा तयार मसुदा, मी वाचलासुद्धा नाही. त्या दोन शब्दांत एफडी मोडणंही आलं. 5,20,000ची एफडी, नॉमिनी मी. मोडलेल्या एफडीला कसली नॉमिनी! शिवाय चेकने थोडे थोडे करून 1,41,500, 'औषधांना'. औषधांची बिलं मी भरत होते.

बाबा सकाळी 6:40ला गेले. हा माझ्या शेजारीच उभा. "दाखल्याचं बघतो" म्हणून निघाला आणि 11 वाजता खात्यातून 75,000 काढले. माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्रही संपतं, हे बँकेला माहीत नाही? "मृत्यू आम्हाला कळवला नव्हता, मॅडम." बरोबर, रडण्याआधी बँकेत जायचं असतं! (खरंच जा. लेखी कळवा, पोच घ्या.)

पोलीस म्हणाले, "घरातलं आहे, दिवाणी आहे, बसून मिटवा." वकील म्हणतात न्याय संहितेचं कलम 316 लागतं, विश्वासघाताचं. ते चौकीत सांगितलं, तर "मग वकिलांनाच लिहून घ्यायला सांगा." तीन खेपा झाल्या.

मुखत्यारपत्र करायचंच तर ठरावीक कामापुरतं विशेष करा, 'एफडी मोडता येणार नाही' हे त्यात लिहा. मोबाइल नंबर तुमच्याच हातात राहू द्या. भाऊ असला तरी.

बँकेने 30 दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आज 26वा दिवस. काल खात्याचा उतारा मागायला गेले, तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "अर्जावर खातेदाराची सही आणा."