मॉलचं पाकीट की खाटकाचा ओंडका?

पाटीवरचा भाव वेगळा आणि पातेल्यात पडणारा भाव वेगळा. मोठ्या स्टोअरमधलं ५०० ग्रॅम फ्रोझन बोनलेस चिकन समजा २५० रुपयांना मिळालं. रात्रभर फ्रीजमध्ये बर्फ सुटू द्या, चाळणीत निथळा, मग तोला. ४४० ग्रॅम भरलं तर भाव ५०० नाही, ५६८ रुपये किलो पडला. पाकिटात तळाशी बर्फाचा थर जमलेला असेल तर उचलू नका. मधे कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता जास्त.

कोंबडीवाल्याकडेही मेख आहेच. पाटीवरचा भाव बऱ्याचदा जिवंत कोंबडीचा असतो. दोन किलोची कोंबडी कातडं काढून साधारण १.३ ते १.४ किलो भरते. म्हणजे पाटीवर १५० असेल, तर साफ चिकन सव्वादोनशेच्या घरात जातं.

मटण मात्र खाटकाकडूनच घ्यावं, निदान सावजी रस्सा करायचा असेल तर. रश्श्याला अंगचा दाटपणा नळी (आत मज्जा असलेलं पायाचं हाड), सांधे आणि चरबीतून येतो. स्टोअरच्या ‘करी कट’मध्ये कुठला भाग किती आहे ते पाकीट फोडल्यावरच कळतं. नागपुरात मोमिनपुरा किंवा मंगळवारी या बाजारांत समोर उभं राहून सांगता येतं: "भाऊ, अर्धी रान, अर्धी दस्ती, चार नळ्या, चरबी थोडी, तुकडे मध्यम." रान म्हणजे मागची मांडी, दस्ती म्हणजे पुढचा पाय. टांगलेल्या जनावराची शेपूट आधी बघा. बोकडाची बारीक असते, मेंढीची त्या मानाने रुंद. बरगड्या बारीक, लालसर आणि चरबी पांढरी असेल तर बोकड कोवळा. रुंद, पांढऱ्याफटक बरगड्या दिसल्या की कुकरच्या शिट्ट्या वाढणार. आणि काट्यावर तुकडे चढण्याआधी आकडा शून्य आहे ना, तेवढं पाहा.

खिमा तयार घेऊच नये, ना इथला ना तिथला. रानेचा तुकडा निवडून समोर करून घ्यावा आणि त्याच दिवशी शिजवावा.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की पारडं फिरतं. उघड्यावर टांगलेलं मटण सकाळी आठच्या आत घेता आलं तर ठीक, नाहीतर ० ते ४ अंशांवर ठेवलेलं स्टोअरचं चिल्ड बरं.

धुळवडीचं मटण आदल्या दिवशीच आणा. रांग टळते हा वरचा फायदा. कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि तेव्हा शिजवलेलं मटण चिवट लागतं. रात्रभर फ्रीजमध्ये झाकून ठेवलं की ते सैल पडतं.