स्मार्ट चावी की साधी चावी आणि साखळी?

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातील गर्दीत मोटारसायकल तासन्‌तास उभी ठेवणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावे की साध्या चावीचे हँडल लॉक जोरदार झटक्याने तुटू शकते आणि मग इग्निशनच्या वायरी जोडून इंजिन सुरू करता येते. स्मार्ट चावीत, खिशातील रिमोट व गाडी यांच्यातील सांकेतिक रेडिओ संदेश जुळल्याशिवाय इमोबिलायझर ही चोरीरोधक यंत्रणा इंजिन सुरू होऊ देत नाही, त्यामुळे वायरींची ती युक्ती फसते. मात्र तोच संदेश दोन यंत्रांनी दूरवर पोहोचवून गाडीला चकवता येते, आणि गाडी उचलून टेम्पोत घालणाऱ्यापुढे तर इमोबिलायझर हतबलच. तिथे खांबाला बांधलेली जाड साखळी उपयोगी पडते, जरी तिचे वजन वागवणे जिकिरीचे असले तरी. रिमोटचा सेल मात्र वेळेवर बदलावा. माझ्या मते, घराच्या फाटकाआड स्मार्ट चावी पुरेशी आहे. सीताबर्डीत साखळीला पर्याय नाही.